वेताळाला चप्पल चावली

“तलाठीभाऊ, तुमचा यावर विश्वास बसायचा नाही,” मी आधीच सांगून टाकलं. “तिरवंड्यात आजवर एकाचाही बसलेला नाही, आणि त्यातले निम्मे माझे सोयरे आहेत. पण देवाच्या चपला पायात घालून गावची शीव चाललेला माणूस एकच. तो तुमच्या पुढ्यात बसलाय.”

कैलास ढवण घाटावरचे. बदली होऊन आमच्याकडे येऊन त्यांना जेमतेम महिना झाला होता. वैशाखातल्या दुपारी घामाघूम होऊन ते माझ्या पडवीत टेकले ते एवढंच विचारायला, की बाबा, तुमच्या गावची शीव नक्की जाते कुठून? नकाशात ती एका ओढ्यापाशी येऊन पुसट झाली होती. हा प्रश्न बुधाजी मेस्त्रीला विचारायचा म्हणजे गवताच्या उडवीत पेटती काडी टाकायची. पण ते गावात नवे होते.

पडवीच्या दुसऱ्या टोकाला आमची मंडळी कोकमासाठी रातांबे फोडत बसली होती. साल सुपात, बिया टोपात. हात कोपरापर्यंत लाल.

“देवाच्या चपला?” ढवणांनी कोकम सरबताचा पेला खाली ठेवला.

“वेताळाच्या. आमच्या गावची राखण वेताळ करतो. पायी करतो. शिवेवरून फेरी मारतो. म्हणून दरवर्षी त्याला नव्या चपला वाहायच्या. वर्षभरात त्या झिजतात.”

“आपोआप?”

“आपोआप कशा झिजतील? चालून झिजतात! पण पंचेचाळीस वर्षांपूर्वी असं झालं, की चैत्रात देवळात बघितलं तर गेल्या वर्षीच्या चपला जशाच्या तशा. तळाला माती नाही. उजवीत पालीनं अंडी घातलेली. म्हणजे वर्षभर देव जागचा हललाच नव्हता. गाव बिनराखणीचं! आता चपला म्हणजे तुमच्या-माझ्या नव्हेत. धाकू चव्हाणांच्या घराण्याला त्या करायचा मान. दीड हात लांब चप्पल.”

“गेल्या शिमग्याक सवा हात होती,” आमची मंडळी मान वर न करता म्हणाली.

“कातडं ताणतं,” मी म्हटलं, आणि पुढे निघालो.

त्या दिवशी मी देवळाच्या छपरावर होतो. सुताराचं काम, फुटकी कौलं काढून नवी बसवत होतो. खाली सोमा गुरव देवाला कौल लावत होता. ढवणांना हे समजावून सांगावं लागलं, तुम्हालाही सांगतो. भिजवलेल्या फुलाच्या पाकळ्या देवाच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूला चिकटवायच्या, देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. देवाची इच्छा कळते ती अशी. त्यावर अपील नाही.

“देवा म्हाराजा,” सोमाचा आवाज वर येत होता, “रागावलंस काय?”

डावी पडली.

“कोणाकडना मान चुकलो?”

डावी.

“कोणी शिवेर घाण केल्यान?”

डावी. असे तासभर प्रश्न चालले. गावकऱ्यांचे चेहरे उतरले, सोमाला भूक लागली. शेवटी तो वैतागून म्हणाला, “मगे काय चप्पल चावता तुका?”

आणि उजवी पाकळी टपकन पडली.

देवाला नवी चप्पल चावते! फोड आलाय, म्हणून देव घरात बसलाय! मला छपरावर हसू फुटलं. तोंडावर हात दाबून धरला, पण त्या हातात कौल होतं. खाली सोमा विचारत होता, “मगे देवा, कोणी आधी चलान ती मऊ करूची?” आणि नेमकं त्याच वेळी माझ्या हातातलं कौल निसटलं, छपराच्या उघड्या भोकातून आत पडलं आणि सोमाच्या उजव्या बाजूला येऊन फुटलं.

सगळ्यांनी वर बघितलं. छपराच्या भोकातून माझं तोंड दिसत होतं.

“उजवो कौल!” सोमा ओरडला. “बुधाजी!”

“अरे, तो कौल वेगळा, हे कौल वेगळं!” मी वरून ओरडलो. “तो देवाचा, हे मंगलोरी!”

“देवळाचा म्हणजे देवाचाच,” खालून एक जाड आवाज आला. तो लवू मेस्त्रीचा. आणि तो आवाज ऐकून माझं हसू पळालं. कारण लवू मेस्त्री माझा होणारा सासरा होता. नऊ दिवसांवर लग्न होतं. तिकडे रातांबे फोडतेय ती, शेवंती, त्याची धाकटी मुलगी.

मी खाली उतरलो आणि म्हटलं, पाकळ्या लावून नीट विचारा. विचारलं. उजवी. दुसऱ्यांदा विचारलं. उजवी. तेव्हा मी शक्कल काढली. म्हटलं, “सोमा, देव आपल्याकडे तोंड करून उभा आहे. आपली उजवी ती देवाची डावी. तुम्ही आजवर कोणाची धरत आलात?”

गाव गार पडलं! असा विचार तिरवंड्यात कोणी केला नव्हता. म्हाताऱ्यांनी आपापल्या आयुष्यातले जुने कौल आठवून पाहिले. एकजण म्हणाला, “मगे माझा लगीन उलट्या कौलार झाला काय?” सोमानं कपाळाचा घाम पुसला आणि नव्यानं गाऱ्हाणं घातलं, “देवा म्हाराजा, बुधाजी म्हणता तसा. आता तुझी उजवी ती खरी. बुधाजीनच चालायचा काय?”

आणि पाकळी पडली ती आपल्या डावीकडची. म्हणजे देवाची उजवी.

“आता?” लवू मेस्त्रीनं विचारलं.

तिन्ही बाजूंनी बांधला गेलो होतो.

“ऐक बुधाजी,” तो सगळ्यांदेखत म्हणाला, “देवाक चप्पल पोचल्याशिवाय गावात मांडवाची मेढ पुरूची नाय, ह्यो रिवाज. आणि देवाचो शबूद मोडणाऱ्या माणसाक मी चेडू देवचंय नाय, ह्यो माझो. उद्या दुपारी बारा वाजता चपला घालायच्यो, साकवावरून जायचा, पलीकडे वेताळाच्या धोंड्याकडे त्यो ठेवन येवचा. एकट्यान.”

“एकटाच कशाला?” ढवणांनी मध्येच विचारलं.

“तसा नेम आहे. देव शिवेवर निघाला की गावातली सगळी दारं बंद. ढोल वाजेपर्यंत कोणी बाहेर यायचं नाही, बघायचं नाही. बघेल त्याचे डोळे जातात.”

“बघलल्याचे डोळे अजून शाबूत आसत,” तिकडून आवाज आला.

“तुझं काय चाललंय मध्येच?”

“मी रातांब्याशी बोलतंय.”

तर माझी भीती. लोकांना वाटलं, बुध्या वेताळाला घाबरतो. घाबरतच होतो, भर दुपारी बारा वाजता शिवेवर पाचोळा वाजला तरी मी घराकडे पळत सुटायचो. पण खरी भीती साकवाची होती. साकव म्हणजे ओढ्यावर पोफळीची खोडं टाकून, सुंभानं आवळून केलेला पूल. खाली दोन पुरुष खोल नुसते धोंडे. आणि तो साकव दोन महिन्यांपूर्वी बांधला होता मीच.

“मग भीती कसली? तुमच्याच हातचं काम.”

“म्हणूनच भीती! तिसऱ्या गाठीला सुंभ संपला होता. परत घरी कोण जाणार, म्हणून मी तिथे वेलीची साल गुंडाळली आणि वर चिखल लिंपला. गाव त्यावरून बिनधास्त जायचं-यायचं, कारण गावाला ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक नसतं तो पार जातो, तलाठीभाऊ. मला ठाऊक होतं. आणि ही गोष्ट मी उभ्या जगात एकाच माणसाला सांगितली होती. कोणाला, ते महत्त्वाचं नाही.”

ढवणांनी जरा विचार केला. “पण चैत्र म्हणता. ओढा कोरडा असणार. मग साकव सोडून खालून चालत का नाही गेलात?”

घाटावरची माणसं हुशार असतात, हा त्यांच्यातला मोठा दोष.

“देवाला कधी खालून जाताना बघितलंय का तुम्ही?” मी म्हटलं. “देवाची वाट साकवावरून. वाट सोडली तर शबूद मोडला.”

दुसऱ्या दिवशी बाराला गावातली दारं धडाधड बंद झाली. कोंबड्यासुद्धा झाकल्या. सोमानं चपला माझ्यापुढे ठेवल्या आणि तोही देवळात शिरून आतून कडी लावून बसला. मी पाय घातले. मागे एवढी जागा उरली, की एखादी कोंबडी अंडी घेऊन रवणीवर बसली असती. चालायचं म्हणजे पाय उचलायचा नाही, फरफटवायचा. फटॅक, फटॅक असा आवाज करत मी बंद दारांसमोरून निघालो. आतल्या पोरांनी तो आवाज ऐकला आणि ती पुढे आठ दिवस वेळेवर झोपली.

साकवापाशी पोचलो आणि बसलो.

आता इथे मी जरा सावकाश सांगतो. मला जायचं होतं. देवाला तीनदा विचारलं आणि तीनदा त्यानं माझंच नाव सांगितलं, यात मला शंका नव्हती. मनानं तर मी केव्हाच पलीकडे पोचलो होतो, चपला धोंड्यापुढे ठेवल्या होत्या, नमस्कारही केला होता. पायच येत नव्हते. उभा राहायचो, तिसऱ्या गाठीवरचा सुकलेला चिखल दिसायचा, परत बसायचो. असं सात वेळा झालं. मग माझ्यातला सुतार जागा झाला. म्हटलं, चपला मऊच करायच्या ना? एक खडबडीत धोंडा घेतला आणि चपलेचा तळ घासायला लागलो. घासून घासून वर्षभर चालल्यासारखा केला. मग उजवी चप्पल उचलली, पलीकडे धोंड्याच्या दिशेनं फेकायला हात मागे घेतला—

“थांब, मेल्या!”

करवंदीच्या जाळीतून आवाज आला.

“कोणाचा?” ढवण पुढे सरकले.

“कोणाचा म्हणजे? वेताळाचा!”

“वेताळ ‘मेल्या’ म्हणाला?”

“देव आहे. कोणालाही काहीही म्हणेल. जाळी बाजूला झाली आणि तो बाहेर आला. डोक्यावरून गोणपाटाची खोळ, तोंड धड दिसेना. ओठ मात्र लालभडक. ताजं रक्त!”

“करवंदां,” रातांब्याच्या दिशेनं कोणीतरी म्हणालं.

“अंगाला सुरंगीच्या फुलांचा वास. आणि हात हलवला की कसले तरी किणकिण आवाज. साखळदंड असणार, मी काही निरखून बघितलं नाही. उंचीला मात्र बेताचाच. माझ्या खांद्याला लागेल इतका.”

“एवढा लहान? आणि चप्पल दीड हात?”

“पाय मोठे असतील! मध्ये बोलू नका, दुवा तुटतो. वेताळ म्हणाला, ‘धोंड्यान घासतंस? देवाक फसयतंस?’ मी लोटांगण घातलं. म्हटलं, देवा, भ्या वाटता. तो म्हणाला, ‘कसला? माझा?’ म्हटलं, तुझंही, पण जास्त त्या तिसऱ्या गाठीचं. ‘व्हय,’ म्हणाला, ‘थय सुंभ नाय, साल आसा. तूच सांगितलंस.’ ”

“तुम्ही वेताळाला कधी सांगितलं होतं?”

“देवाला सगळं ठाऊक असतं,” मी जरा घाईनं म्हटलं. “मी विचारलं, देवा, भीती गेल्यावर निघालो तर चालेल का? संध्याकाळपर्यंत जाईल असं वाटतंय. त्यावर तो जो भडकला! ‘तुझी भीती जाईसर थांबाचा म्हटलास तर लगीन आपल्या नातवाच्या मुंजीदिवशी करूचा लागात! भ्या वाटता तर वाटांदे. तेका हय ठेवन कोण बघतलो? तेकाय घे वांगडा, सोबतीक, आणि चल.’ ”

ढवणांनी मला अडवलं. “आपल्या नातवाच्या?”

“बोलण्याची एक पद्धत असते देवांची. मग मी म्हटलं, पाय हलत नाहीत. त्यावर वेताळानं कमरेवर हात ठेवून विचार केला आणि म्हणाला, ‘कौलात काय इला? बुधाजीन चालायचा. दोनय चपला बुधाजीनच घालायच्यो, असा कोणी इचारल्यान? नाय मा? मगे डावी तू घाल, उजवी मी घालतंय.’ ”

त्यानं उजव्या चपलेत पाय घातला, मी डाव्या. माझा हात त्याच्या खांद्यावर, त्याचा माझ्या कमरेला. एकेका पायात दीडदीड हाताचं कातडं, दुसरे पाय अनवाणी. देव आणि माणूस असे जोडीनं फटॅक-थप, फटॅक-थप करत साकवावर चढले. बघणारा कोणी नव्हता, नाहीतर त्याचे डोळे हसून हसूनच गेले असते.

पहिली गाठ आली. साकव करकरला. वेताळ म्हणाला, “खाली बघू नको.” मी बघितलं. धोंडे होते तिथेच होते. दुसरी गाठ आली. तिथे नवी चप्पल वेताळाला चावली. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी फोड आला आणि फुटला. मी म्हटलं, देवा, थांबूया का? तो म्हणाला, “थांबान काय कमी होता? चल.” आणि मग तिसरी गाठ. मी पाय ठेवला मात्र, चिखलाचा पोपडा सुटून खाली गेला. आतली साल दिसली. वाळून तिचं सुतळीएवढं झालं होतं. साकव एका अंगाला कलला.

मी बोलता बोलता थांबलो. ढवणांनी पेल्यातलं उरलेलं सरबत घोटभर घेतलं, पण गिळलं नाही. पडवीत कोयतीचा आवाजही बंद झाला होता. अशी शांतता दरवर्षी या ठिकाणी येते, आणि खरं सांगायचं तर इथे दरवर्षी काहीतरी नवं घालावंसं वाटतं. तसं मी घातलं.

“आणि तिथे, तलाठीभाऊ,” मी आवाज खाली आणला, “बरोब्बर मधोमध, वेताळाचं अवसान गळालं. धोंडे बघून त्याला रडू कोसळलं. घळाघळा! माझ्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देत म्हणाला, ‘बुधाजी, तू नसतंस तर माझा काय झाला असता!’ मी त्याची पाठ थोपटली. म्हटलं, देवा, रडू नको, मी आहे ना—”

काहीतरी ओलं माझ्या कानशिलावर येऊन आपटलं. अर्धा रातांबा. लाल रस सदऱ्यावरून ओघळला.

आमची मंडळी उभी राहिली होती. एका हातात कोयती, दुसरा हात कमरेवर.

“कोण रडलो?” तिनं विचारलं.

“अगो, वेताळ—”

“पंचेचाळीस वर्सां आयकतंय. पयल्या वर्साक वेताळान तुमका पाठुंगळी घेतल्यान, मी म्हटलंय बरा. मगे नुसतो हात धरल्यान. गेल्या वर्साक तो पाय घसरान पडलो आणि तुमी तेका वर काढलात. मी गप रवलंय. लग्नाआधी चेडू भर दुपारचा घराची खिडकी उघडून रानात गेलेला, ह्या बापाशीच्या कानार गेला असता तर तेनी माका त्याच साकवावरना खाली ढकलल्यान असता. म्हणान वेताळ तर वेताळ. पण वेताळ रडलो?” तिनं कोयती ढवणांच्या दिशेनं रोखली. त्यांनी पेला छातीशी धरला. “तलाठीभाऊ, तुमच्या वहीत लिवन ठेवा. मी रडूक नाय! रडत होते हे. घळाघळा. माझो ह्यो खांदो भिजलो.”

“शेवंती, अगो, पाहुण्यांसमोर—”

“आणि फोड इलो तो हय.” तिनं लुगडं वीतभर वर घेतलं आणि उजवा पाय पुढे केला. अंगठ्याच्या मुळाशी पांढरा, गुळगुळीत वण होता. “वेताळाचो पाय ह्यो. बघून घेवा.”

ढवणांनी पाय बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मला सदऱ्यावरचा डाग पुसायचं फार महत्त्वाचं काम होतं.

ती खाली बसली. सूप जवळ ओढलं, एक रातांबा उचलला, पण फोडला नाही.

“मी म्हटलंय, मागे फिरूया. तिसरी गाठ सुटली तेव्हा माझाच धैर्य गेला होता. मी मागे वळलंय सुद्धा,” ती मला म्हणाली, आता तिचा आवाज ढवणांसाठी नव्हता. “तेव्हा रडत रडत माझो हात ओढून पुढे कोण गेलो? तुमीच मा? नाकाडोळ्यातना पाणी, तोंडान ‘व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा’, आणि पाय पुढे. मी तेव्हाच मनात म्हटलंय, लगीन केलंय तर ह्याच्याशीच. इतक्यो खोट्यो गोष्टी सांगतात, मगे ती एक खरी कित्याक कधी सांगनात नाय?”